वाङ्मयाचा निवाडा आणि प्राश्निकाचे आसन

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपल्याकडे दोन प्रसंगी हमखास ऐकू येते. एक, घरात भाजीच्या तिखटमिठावरून कुरकुर सुरू झाली म्हणजे. आणि दुसरा, एखाद्या पुस्तकाच्या बऱ्यावाईटाविषयी वाद वाढू लागला म्हणजे. पहिल्या प्रसंगी तिचा उपयोग घरातील शांततेसाठी होतो आणि तो रास्तही आहे. दुसऱ्या प्रसंगी मात्र ती वाद मिटवीत नाही, विचारच थांबवते. ज्याला जे आवडेल ते त्याच्यापुरते चांगले, असे एकदा मान्य केले, की ज्ञानेश्वरी आणि बाजारातील एखादे चोपडे यांत उजवेडावे ठरविण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. परंतु असे मानणारा गृहस्थही सायंकाळी देवळातील कीर्तन ऐकून परतला, की बुवांचा पूर्वरंग उत्तम होता पण आख्यान काही रंगले नाही, असा निकाल बिनदिक्कत देतो! म्हणजे तत्त्व एक आणि वहिवाट दुसरी. आम्हां वकील मंडळींस अशी विसंगती आढळली म्हणजे आम्ही वहिवाटीकडे अधिक लक्ष देतो. कारण माणसाचा खरा विश्वास कशावर आहे, हे पुष्कळदा त्याच्या बोलण्यापेक्षा वागण्यावरून कळते.

हा प्रश्न केवळ शास्त्रीपंडितांच्या करमणुकीचा आहे, असे कोणी समजू नये. बेळगाव-निपाणीच्या मुलखात तर तो विशेष निकडीचा आहे. १९४६ साली बेळगावास ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून गाव कोणाचे, शाळा कोणत्या भाषेची, पाटी कोणत्या लिपीची, हे सर्व वादाचे विषय झाले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावाही दाखल केला. त्या दाव्याच्या गुणावगुणांत येथे शिरावयाचे नाही. सांगावयाचे आहे ते इतकेच, की जेथे प्रत्येक गोष्टीला पक्ष चिकटतो, तेथे कवितेलाही तो चिकटावयास वेळ लागत नाही. 'आपल्या माणसाचे पुस्तक' आणि 'चांगले पुस्तक' यांतील अंतर अशा ठिकाणी फार लवकर पुसले जाते. म्हणून वाङ्मयाचा व कलेचा दर्जा निःपक्षपातीपणे ठरविता येतो काय, आणि येत असल्यास तो कोणी व कसा ठरवावा, याचा पूर्वेतिहास पाहणे अगत्याचे आहे.

त्या इतिहासाचे एक जुने पान भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सापडते. त्या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा, म्हणजे यशाचा, विचार आहे. सिद्धी दोन प्रकारची: मानुषी आणि दैवी. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, 'साधु साधु' असे उद्गार, अंगावरचे रोमांच, आनंदाच्या भरात दिलेली वस्त्रे व अंगठ्या, ही मानुषी सिद्धीची चिन्हे. आणि रंगमंडप पूर्ण भरलेला असूनही जेथे आवाज नाही, गडबड नाही, व्यत्यय नाही, ती दैवी सिद्धी. टाळ्यांपेक्षा शांततेला वरची पायरी देणारा हा विचार आजच्या सभासंमेलनांनी मनावर घेण्यासारखा आहे.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. रुची भिन्न असतात हे भरताला पुरते ठाऊक होते. तरुणांना शृंगार आवडतो, विद्वानांना शास्त्रचर्चा, शूरांना युद्ध, हे तो स्पष्ट सांगतो. आणि सर्व गुण एकाच प्रेक्षकात आढळत नाहीत, अशी कबुलीही देतो. मग त्याने काय केले? रुची भिन्न आहेत, सबब निर्णय अशक्य, असे त्याने म्हटले नाही. रुची भिन्न आहेत, म्हणूनच त्याने प्राश्निक, म्हणजे परीक्षक, नेमले. आणि एक नव्हे, दहा नेमले. यज्ञकर्म जाणणारा, नर्तक, छंदःशास्त्रज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. रंगभूमीवर यज्ञाचा प्रसंग असेल तर तो बरोबर दाखविला की नाही, हे याज्ञिकाने सांगावे. वृत्ताविषयी छंदःशास्त्रज्ञाने, शब्दाविषयी वैयाकरणाने, स्वराविषयी गायकाने, आणि योद्ध्याच्या पवित्र्याविषयी धनुर्धराने. परीक्षकांनी रंगभूमीपासून बारा हात अंतरावर बसावे, फार जवळ नको व फार दूर नको. त्यांच्याजवळ लेखक आणि गणक असावेत, म्हणजे गुणदोषांची नोंद राहील.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर या व्यवस्थेतील दोन गोष्टी विलक्षण वाटतात. पहिली ही, की 'दर्जा' नावाची एकच अखंड वस्तू भरताने मानली नाही. दर्जाचे पुष्कळसे घटक निरनिराळे तपासता येतात, आणि त्यांपैकी काही तर अगदी काटेकोरपणे: वृत्त मोडले की नाही, स्वर हलला की नाही, यांत आवडीनिवडीचा प्रश्न नाही. दुसरी गोष्ट अधिकारक्षेत्राची. दहा प्राश्निकांत राजाही आहे; पण तो दहांतला एक, आणि त्याचे क्षेत्र राजाच्या भूमिकेतील ऐट व रुबाब यांपुरतेच! वृत्त चुकले किंवा साधले, हे सांगण्याचा अधिकार सिंहासनामुळे प्राप्त होत नाही. पुढील दोन हजार वर्षांत वाङ्मयाचे जे चुकीचे निवाडे झाले, त्यांपैकी बहुतेक ही एक मर्यादा न पाळल्यामुळे झाले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

अधिकार असला तरी निःपक्षपात असेलच असे नाही, हे कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'त मोठ्या गमतीने दाखविले आहे. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद राजापुढे येतो. राजाचा ओढा एकीकडे व राणीचा दुसरीकडे, असा संशय येण्याजोगी स्थिती असल्यामुळे निर्णयासाठी कौशिकी या परिव्राजिकेला बसविले जाते. आचार्यांची विद्या शिष्यांच्या प्रयोगावरून पाहावी, हे तिचे म्हणणे बिनतोड आहे. परंतु वाचकाला ठाऊक असते, की मालविकेचे दर्शन राजाला घडावे म्हणूनच हा सारा खटाटोप रचलेला आहे आणि कौशिकीही त्या बेतात सामील आहे. बैठक निःपक्षपाती, पद्धत निर्दोष, पण मूळ हेतूच दुसरा! परीक्षकांच्या मंडळावर बसलेल्या प्रत्येकाने हे नाटक वर्षातून एकदा वाचावे.

पक्षपाताची ही बाब राजवाड्यापुरती नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतही ती तितकीच खरी ठरते. विडीच्या तंबाखूची निपाणी ही नामांकित पेठ. जाणता माणूस पान हातात घेतो, रंग पाहतो, चुरून वास घेतो आणि त्याची प्रत सांगतो. या परीक्षेला तराजू नाही, तरी ती लहरीची गोष्ट नाही. पिकविणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला, दोघांनाही पान कळते. मग भांडण कशाचे? १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले, त्यात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे प्राण गेले. चांगले पान म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नाही, अशी त्या शेतकऱ्यांची तक्रार नव्हती. ज्याला माल स्वस्तात हवा आहे त्याच्याच हाती भाव ठरविण्याची सत्ता आहे, ही ती तक्रार होती. दर्जा असतो, तो कळतोही. परंतु ज्याचा त्यात स्वार्थ गुंतला आहे त्याच्या तोंडून तो बाहेर पडेलच, असा भरवसा नसतो. वाङ्मयाच्या बाबतीत या दोन प्रश्नांची आपण सदैव गल्लत करतो: निर्णय पक्षपाती निघाला, की 'दर्जा म्हणून काही नसतेच' असा सिद्धान्त काढून मोकळे होतो. शेतकऱ्याने असा सिद्धान्त काढला नाही. त्याने न्याय्य भाव मागितला.

वास्तविक, वाईट निवाड्यांचा इतिहास बारकाईने पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. दाव्यात आधी वादमुद्दे काढावे लागतात. मुद्दाच चुकीचा निघाला तर पुढचा सारा पुरावा आणि युक्तिवाद वाया जातो. वाङ्मयाच्या प्रकरणांत असेच वारंवार घडले. दर्जाविषयी निर्णय चुकला असे आपण समजतो. पण दर्जाचा मुद्दा तेथे काढलेलाच नसतो.

पहिले उदाहरण तुकोबांचे. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी तुकोबांच्या अभंगांना आक्षेप घेतला आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, ही कथा संतपरंपरेने आणि महिपतींनी सांगितलेली आहे. आक्षेप काय होता? शूद्राने वेदार्थ प्राकृतात सांगावा की नाही, हा. प्रश्न अधिकाराचा होता. अभंग चांगला की वाईट, हा मुद्दा त्या प्रकरणात नव्हताच. परंपरा पुढे असेही सांगते, की त्याच रामेश्वरभट्टांना पश्चात्ताप होऊन ते तुकोबांचे भक्त झाले. आणि आपल्या देवळांतून म्हटली जाणारी तुकोबांची आरती त्यांच्याच नावावर आहे. म्हणजे मूळ निवाडा देणाऱ्यानेच तो फिरविला. त्याने छंदाचे नवे नियम शिकले नव्हते. जातीचा मुद्दा बाजूला सारून त्याने अभंग ऐकले, एवढेच. त्यानंतर दोन शतकांनी, १८६९ साली, मुंबई सरकारने दिलेल्या २४,००० रुपयांच्या साहाय्याने शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी सिद्ध केलेली गाथा छापून निघू लागली. परके सरकार, इंग्रजी विद्या घेतलेले संपादक आणि देहूचा वारकरी, या तिघांच्या श्रद्धा वेगळ्या, स्वार्थ वेगळे. तरी तुकोबांच्या योग्यतेविषयी त्यांचे एकमत झाले. परस्परांशी संगनमत नसलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, म्हणजे न्यायालय त्या पुराव्याला वजन देते.

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष न्यायालयातले. बा. सी. मर्ढेकर यांच्या १९४७ सालच्या 'काही कविता' या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. योगायोग असा, की वाङ्मयाच्या दर्जाला वस्तुनिष्ठ निकष असले पाहिजेत, असा आग्रह आपल्या भाषेत ज्यांनी सर्वांत नेटाने धरला, तेच हे मर्ढेकर. १९४१ साली 'वाङ्मयीन महात्मता' लिहून त्यांनी श्रेष्ठ वाङ्मयाचे लक्षण शोधण्याचा प्रयत्न केला. पुढे 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर त्यांनी सौंदर्याची उपपत्ती उभारली. १९५६ साली ते निवर्तले आणि त्याच वर्षीचा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्या ग्रंथाला मिळाला. त्यांची उपपत्ती सर्वांनी स्वीकारली असे नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी: न्यायालयाने त्यांना सोडले, ते त्यांच्या कवितेच्या श्रेष्ठतेचे प्रमाणपत्र नव्हते. तसे प्रमाणपत्र देणे न्यायालयाच्या अधिकारात बसत नाही. चंद्रकांत काकोडकर यांच्या, 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. तेथेही ती कथा समग्र वाचल्यावर अश्लील ठरते की नाही, एवढाच वादमुद्दा होता. कथा उत्तम, मध्यम की सामान्य, हे ठरविण्याचे काम वाचकांकडेच राहिले आणि तेथेच ते राहावयास हवे.

तिसरे उदाहरण मात्र आपल्या अगदी घरचे आहे. निपाणीपासून फार दूर नसलेल्या, चिकोडी तालुक्यातील एकसंब्याला १९२३ साली जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म झाला. बालपण आणि शिक्षण बेळगावास, आणि पुढे धारवाडास महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन. 'निळा सावळा', 'पारवा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन' या संग्रहांनी मराठी कथेत त्यांचे स्थान निश्चित केले. १९७३ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या 'काजळमाया'ला मिळाला. त्यावर वाद उपस्थित झाला, तो कथांच्या गुणवत्तेविषयी नव्हे. ग्रंथ नेमका केव्हा प्रसिद्ध झाला आणि पुरस्कारासाठी ठरविलेल्या कालमर्यादेत तो बसतो की नाही, याविषयी. जी. एं.नी पुरस्कार परत केला.

या प्रकरणाकडे वकिलाच्या दृष्टीने पाहिले तर ते फार बोधप्रद आहे. प्रकाशनाची तारीख ही वस्तुनिष्ठतेचा कळस म्हणावी अशी बाब: कागदावर दाखविता येते, साक्षीपुराव्याने सिद्ध करता येते. उलट, त्या कथांतील नियतीचे भान, प्रतिमांची गुंफण, वाक्याची घडण यांना कोणताही दाखला जोडता येत नाही. म्हणजे जी गोष्ट निःसंशय सिद्ध करता येत होती ती गुणवत्तेच्या प्रश्नाला सर्वस्वी अप्रस्तुत होती, आणि जी प्रस्तुत होती तिच्याविषयी त्या वादात प्रश्नच नव्हता. नियमाचा आग्रह धरणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. पुरस्काराला मुदत असावी, जशी दाव्याला असते. पण मुदतबाह्य ठरलेला दावा खोटा असतो, असे कोणताही कायदा म्हणत नाही. त्यावर त्या न्यायालयात दाद मिळत नाही, इतकेच. पुरस्कार परत गेला. 'काजळमाया'तल्या एका शब्दाचेही वजन त्याने कमी झाले नाही. १९८७ साली जी. ए. निवर्तले. आज बेळगावातील एखादा तरुण वाचक तो संग्रह उघडतो तेव्हा तो कोणत्या महिन्यात छापला गेला, हे तो विचारीत नाही.

येथे एक प्रामाणिक आक्षेप संभवतो आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. मुद्दा बरोबर काढला, परीक्षक जाणते आहेत, त्यांचा स्वार्थही नाही, आणि तरीही त्यांचे एकमत होत नाही, मग काय? अशी उदाहरणे आहेत आणि त्यांतले एक याच जिल्ह्याच्या मातीतले आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, यांनी बालवयातच मैफली जिंकल्या. पुढे क्षयाने गाठले, एक फुप्फुस निकामी झाले, देवासला काही वर्षे अंथरुणावर गेली. आणि त्यानंतर त्यांनी जे गाणे मांडले त्यावर रसिकांत दोन तट पडले. घराण्याची शिस्त कोठे आहे, असे एक पक्ष विचारी. माळव्याच्या लोकधुनांतून रागाचे मूळ शोधणारी ही दृष्टी अपूर्व आहे, असे दुसरा पक्ष म्हणे. दोन्ही बाजूंना कान तयार झालेले, पाऊणशे मैफली पचविलेले श्रोते होते.

परंतु हा मतभेद नेमका किती जागेत होता, तेही पाहावे. त्यांचा सूर सच्चा नाही, असे विरोधकही म्हणत नसत. त्यांच्या प्रतिभेविषयी वाद नव्हता. वाद होता तो महत्त्वाच्या क्रमाविषयी: संथ, क्रमशः होणाऱ्या विस्ताराला अधिक मोल द्यावे, की स्वरवाक्याच्या तत्क्षणीच्या चैतन्याला? म्हणजे शंभरांतल्या नव्वद गोष्टींवर एकमत आणि उरलेल्या दहांवर तीव्र मतभेद. अपीलाच्या न्यायालयातही असे होते. तीन न्यायाधीशांपैकी एक भिन्न निकालपत्र लिहितो. त्यामुळे कायदा म्हणून काही नाही, असे कोणी म्हणत नाही. उलट भिन्नमत सकारण लिहिलेले असल्यामुळे पुढची पिढी ते वाचते आणि कधी कधी तेच ग्राह्य धरते. जाणत्यांचा मतभेद आणि अजाणत्यांची आवडनिवड यांत हाच फरक आहे: पहिल्याला कारणे असतात आणि ती दुसऱ्यापुढे ठेवता येतात.

रा. भा. पाटणकर यांनी १९७४ साली 'सौंदर्यमीमांसा' या ग्रंथात या प्रश्नाची जी उकल केली, ती येथे उपयोगी पडते. सौंदर्याच्या आपल्या कल्पनेलाच दोन ध्रुव आहेत, असे त्यांचे प्रतिपादन. एका ध्रुवाशी कला स्वयंपूर्ण, तिचे नियम तिच्यापुरते. दुसऱ्या ध्रुवाशी ती माणसाच्या सुखदुःखाशी, नीतीशी, समाजाशी बांधलेली. यांपैकी एकच ध्रुव खरा मानणारा परीक्षक अर्धेच वाङ्मय पाहतो. निपाणीचे महादेव मोरे यांच्या लेखनाचा विचार करताना हे विशेष जाणवते. पिठाची गिरणी चालवीत त्यांनी 'एकोणिसावी जात', 'झोंबड' यांसारखी पुस्तके लिहिली. मोटारीचे ड्रायव्हर, गॅरेजमधले कामगार, तंबाखूच्या वखारीतल्या बाया यांचे जग मराठीत आणले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. जी. ए. आणि महादेव मोरे हे दोघे एकाच मुलखातले. पण एकाला लावलेली फूटपट्टी जशीच्या तशी दुसऱ्याला लावली, तर दोघांवरही अन्याय होईल. याचा अर्थ फूटपट्टीच नको असा नव्हे. भरताने धनुर्धराला प्राश्निक नेमले ते याचसाठी: वखारीतल्या बाईची बोली, तिच्या हाताची हालचाल खरी उतरली की नाही, हे सांगण्याचा पहिला अधिकार वखार जाणणाऱ्याचा आहे. तेथे तो लेखक उतरला, की मग कथेच्या घाटाविषयी घाट जाणणाऱ्याने बोलावे. साक्षीदार अनेक असले म्हणून सत्य अनेक होत नाही. ते अधिक पुरतेपणी समोर येते.

आता सीमाभागाच्या मूळ दुखण्याकडे वळू. १९७३ हे साल आपण जी. एं.च्या संदर्भात पाहिले. त्याच सालचा ज्ञानपीठ पुरस्कार धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांना, ओडियाचे गोपीनाथ महांती यांच्याबरोबर विभागून, मिळाला. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, आणि ते कन्नडचे महाकवी. जी. ए. त्याच धारवाडात राहून मराठी लिहीत होते. एका गावात दोन माणसे, आणि दोघांनीही भाषेच्या सीमारेषेला ओलांडून आपापले वाङ्मय उभे केलेले! बेंद्र्यांना 'मराठीचा त्याग केलेला' म्हणून कमी लेखणारा मराठी वाचक, किंवा जी. एं.ना 'कन्नड मुलखात राहून मराठी लिहिणारा' म्हणून दुर्लक्षिणारा कन्नड वाचक, हे दोघेही रामेश्वरभट्टांचीच चूक करतात. त्यांनी काढलेला वादमुद्दा वाङ्मयाचा नसून हद्दीचा असतो.

या पत्राच्या वाचकांना तर हे निराळे सांगावयास नको. कोंकणी ही भाषा की बोली, हा वाद आपल्या समाजात घराघरांतून झाला. १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. पण त्या वादाच्या ऐन भरात कित्येकदा कोंकणी कविता वाचली जात नसे. तिच्यावर केवळ मत दिले जाई. बा. भ. बोरकर यांनी दोन्ही भाषांत लिहिले, आणि त्यांच्या 'सासाय' या कोंकणी संग्रहाला १९८१ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांची मराठी कविता प्रेमाने म्हणणारा मनुष्य त्यांची कोंकणी कविता न वाचताच बाजूला ठेवीत असेल, तर तो बोरकरांविषयी काहीच सांगत नसतो, स्वतःविषयी मात्र पुष्कळ सांगतो.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर काय? वाङ्मयाचा दर्जा शेरामापाने मोजता येत नाही, हे खरे. पण तो ठरविता येतच नाही, हे खरे नाही. तो ठरतो तो निवाड्याच्या रीतीने. मुद्दा वाङ्मयाचाच असावा. जात, प्रांत, तारीख, लेखकाची ओळख यांचा नसावा. ज्या अंगाचे ज्याला ज्ञान त्याने त्या अंगापुरते बोलावे. ज्याचा संबंध गुंतला असेल त्याने आसन सोडावे. निर्णय सकारण आणि उघड असावा, म्हणजे त्यावर अपील करता येईल. ते अपील पुढचे वाचक ऐकतील, कदाचित शंभर वर्षांनी; आणि तुकोबांच्या बाबतीत पाहिले त्याप्रमाणे, निरनिराळ्या स्वार्थांची माणसे स्वतंत्रपणे एकाच निकालावर येऊ लागली, की त्या निकालास वस्तुनिष्ठ म्हणावयास हरकत नसावी. मानवी व्यवहारात याहून अधिक वस्तुनिष्ठता न्यायालयातही मिळत नाही.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी अशा आपल्या सीमेवरच्या गावांतून मराठीची साहित्य संमेलने भरतात, गावकरी पदरमोड करून ती भरवितात, ही अभिमानाची गोष्ट आहे. तेथे गावच्या लेखकाचे कौतुक व्हावे, शाल-श्रीफळ मिळावे, हे योग्यच. पण कौतुक म्हणजे निवाडा नव्हे. सरकारदरबारी आपल्या भाषेची उपेक्षा होत असताना आपल्या लेखकाचे दोष कशाला दाखवावे, अशी एक भावना असते आणि तिच्यामागची वेदना समजण्यासारखी आहे. परंतु ज्या भाषेत कोणी कोणाला 'हे साधले नाही' असे सांगत नाही, त्या भाषेचे संरक्षण कोणत्याही न्यायालयाला करता येणार नाही. सुदैवाने येथला इतिहास तसा नाही. 'काजळमाया' लिहिणारा माणूस याच मुलखात वाढला. त्याला मोठे म्हटले ते तो आपला होता म्हणून नव्हे. आणि ज्या पुढच्या लेखकाला आपण मोठा म्हणू, त्यालाही याच कसोटीचा मान मिळाला पाहिजे.